कचरा गावाचा, कारभारही गावाचा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग मागे टाकून उमरग्याच्या दिशेने निघाला की वाटेत तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव लागते. कर्नाटक आणि तेलंगणातून तुळजाभवानीच्या दर्शनासाठी येणारे भाविक याच वाटेने नळदुर्गपर्यंत येतात आणि पुढे तुळजापूरकडे वळतात. अशा महामार्गाने काठावरच्या गावांना पुष्कळ काही दिले आहे. बाजारपेठ वाढली, उपाहारगृहे आली, शिक्षणासाठी आणि औषधोपचारासाठी शहर जवळ आले. मात्र त्याच रस्त्याने आणखी एक गोष्ट गावांच्या वेशीशी आणून टाकली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चहाचे पेले, थर्माकोलच्या ताटल्या, वेफर्सची पाकिटे आणि तंबाखूच्या पुड्या यांचा एक नवा थर महाराष्ट्रातील महामार्गाकाठच्या गावांत रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी आणि गायरानाच्या टोकाला साचलेला दिसतो. वारा सुटला की तो शेतात जातो, पाऊस आला की ओढ्यात उतरतो आणि फारच वाढला की संध्याकाळी कोणीतरी त्याला काडी लावतो. त्या धुराचा वास घरात शिरला की लोक खिडक्या लावून घेतात. विषय तेवढ्यावर संपतो.

हा कचरा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गावागणिक ठरलेले असते. ग्रामस्थ म्हणतात, तो ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायत म्हणते, निधी नाही. तालुका आणि जिल्हा म्हणतात, योजना आहे, प्रस्ताव पाठवा. या टोलवाटोलवीत कचरा मात्र थांबत नाही. धाराशिव जिल्ह्याच्या या पट्ट्यातील पाणी बोरी नदीला मिळते, बोरी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नळदुर्गच्या परिसरातील ओढ्यात पडलेली एखादी पिशवी समुद्रापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांचेही समुद्राशी असे नाते असते. म्हणूनच चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या लोकांनी कचऱ्याच्या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे मराठवाड्यातील गावांनीही एकदा पाहून घेण्यासारखे आहे.

प्रशांत महासागरातील लहान लहान बेटांवर कचरा टाकायला 'गावाबाहेर' अशी जागाच नसते. घराच्या मागे थोडी जमीन आणि जमिनीच्या मागे पाणी. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच, पिण्याचे पाणी जमिनीखालच्या पातळ थरात. कचरा पुरावा तर पिण्याचे पाणी नासते, समुद्रात टाकावा तर ज्या मासळीवर पोट चालते तीच जाते. त्यातच बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू डब्यात, बाटलीत किंवा प्लास्टिकच्या वेष्टनात येते. वस्तू संपते आणि वेष्टन बेटावर राहते. जहाजाने आलेला माल परत नेण्यात कोणत्याही व्यापाऱ्याला स्वारस्य नसते.

किरिबाती या छोट्या देशाने या कोंडीतून काढलेली वाट साधी होती. २००४ मध्ये तेथे एक कायदा झाला आणि त्याच्या आधारे 'काओकी मांगे' नावाची व्यवस्था उभी राहिली. या शब्दांचा अर्थच मुळी 'कचरा परत करा' असा आहे. शीतपेयाचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली देशात येतानाच तिच्यावर पाच सेंटची अनामत आकारली जाते. रिकामा डबा संकलन केंद्रावर आणून देणाऱ्याला त्यातले चार सेंट परत मिळतात आणि उरलेल्या एका सेंटवर यंत्रणा चालते. जमा झालेले डबे दाबून, त्यांचे गठ्ठे करून पुनर्वापरासाठी परदेशी पाठविले जातात. रस्त्यावर पडलेला डबा पैशाचा झाला, तेव्हा तो उचलायला सरकारी माणसाची गरज राहिली नाही. मुलांनी, स्त्रियांनी, गरीब कुटुंबांनी तो उचलला.

सामोआ या द्वीपराष्ट्रात दुसरा मार्ग दिसतो. तेथील गावांत महिलांच्या समित्या १९२० च्या दशकापासून आरोग्य आणि स्वच्छतेचे काम करीत आल्या आहेत. समितीच्या स्त्रिया घरोघरी फिरून अंगण, पाणी आणि परसदार यांची पाहणी करतात. गावाच्या प्रमुखांची सभा नियम घालून देते आणि नियम मोडणाऱ्याला दंड करते. वानुआतूने जुलै २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून टोपल्या विणण्याची तेथील स्त्रियांची जुनी कला पुन्हा बाजारात आली. जपानने २०११ पासून या प्रदेशातील अनेक देशांना कचरा व्यवस्थापनासाठी तांत्रिक साहाय्य दिले. त्या कार्यक्रमाने कचरा कमी करणे, पुन्हा वापरणे आणि त्यावर प्रक्रिया करणे या तीन परिचित सूत्रांना 'परत पाठविणे' हे चौथे सूत्र जोडले, कारण बेटांच्या बाबतीत त्यावाचून इलाज नव्हता. ज्या फिजीमध्ये १८७९ पासून गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज आजही राहतात, तो देशही याच समुद्रात आणि याच प्रश्नाच्या वेढ्यात आहे.

या बेटांवर सर्व काही आलबेल आहे, असे कोणी म्हणणार नाही. तेथेही उघड्यावर कचरा जळतो आणि किनाऱ्यावर प्लास्टिक येते. पण या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कचऱ्याच्या व्यवस्थेत यंत्र, वाहन आणि निधी यांना स्थान आहे. परंतु ती व्यवस्था टिकते ती ज्यांचा कचरा आहे त्यांच्या हातात निर्णय, नियम आणि हिशेब असला तरच. जे बेटाला लागू आहे, तेच गावालाही लागू आहे. जळकोटसारख्या गावाला शिवार आहे, गायरान आहे, ओढा आहे, म्हणून 'बाहेर' आहे असे वाटते एवढेच. शिवार गावाचेच, ओढा गावाचाच आणि त्या ओढ्याकाठची विहीरही गावाचीच असते.

मराठी गावाला कचऱ्याचा विचार नवा नाही. उकिरडा हा शब्द आज हिणवण्यासाठी वापरला जातो. पण एकेकाळी शेतकऱ्याच्या घरची ती ठेवच होती. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, झाडलोटीचा केर, भाजीची देठे, जनावरांनी टाकलेले चिपाड असे सारे उकिरड्यात जाई आणि पावसाळ्यापूर्वी गाडीत भरून शेतात पडे. जेवणावळी पळसाच्या पत्रावळीवर होत आणि त्या पत्रावळीही शेवटी मातीलाच मिळत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी हीच परंपरा शास्त्रशुद्ध केली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी, भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेली विटांची टाकी, तिच्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर आणि तीन-चार महिन्यांत तयार होणारे उत्तम खत. त्यांच्या नावावरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत महाराष्ट्राबाहेरही पोहोचली. थोड्या शेणात पुष्कळ खत तयार व्हावे, हा तिच्यामागचा विचार होता. जनावरे कमी होत चाललेल्या आजच्या गावाला तो अधिकच उपयोगी आहे.

परंतु जुन्या व्यवस्थेची आठवण काढताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली अशी, की उकिरड्याने जे पचविले ते सारे कुजणारे होते. आज त्याच उकिरड्यात प्लास्टिकची पिशवी, बाळाचे डायपर, औषधांची वेष्टने, फुटलेला बल्ब आणि कीटकनाशकाची बाटली येते. सोयाबीन आणि द्राक्षाच्या पट्ट्यात फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि आच्छादनाचा कागद बांधावर पडून राहतो. असा उकिरडा शेतात टाकला तर खताबरोबर प्लास्टिकही टाकले जाते. गाय शिळ्या अन्नाच्या वासाने पिशवी पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक तिच्या कोठीपोटात साचत जाते आणि अखेर शस्त्रक्रियेवाचून तिला वाचविणे कठीण होते. गोमातेचा जयजयकार करणाऱ्या समाजाने आपल्याच दारातून बाहेर पडलेली गाठ मारलेली पिशवी तिच्या पोटात जात असेल, तर त्या जयजयकाराचा अर्थ तपासून पाहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. गावाची घाण उचलण्याचे काम शतकानुशतके ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. गावाने स्वच्छता उपभोगली आणि ती निर्माण करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. मेलेली जनावरे ओढण्यासारखी कामे झुगारून द्या, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकात आपल्या बांधवांना सांगितले, त्यामागे या अपमानाची जाणीव होती. आज कायदे झाले, ग्रामपंचायतीत आरक्षण आले; तरीही सफाईच्या कामावर कोण येते आणि कोण येत नाही, हे कोणत्याही गावात डोळे उघडे ठेवून पाहिले तर समजते. लोकसहभाग या शब्दाची खरी कसोटी येथे लागते. सर्व समाजाने मिळून कचरा करायचा आणि एका समाजाने तो उचलायचा, याला सहभाग म्हणत नाहीत. समरसतेचा विचार व्यासपीठावर मांडणे सोपे असते. आपल्या घरचा ओला-सुका कचरा आपल्या हाताने वेगळा करणे आणि तो नेणाऱ्याला आदराने नावाने हाक मारणे ही त्याची रोजची पहिली पायरी आहे.

महाराष्ट्रात हा धडा एका संताने हातात खराटा घेऊन शिकविला. १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९५६ मध्ये देह ठेवलेले गाडगेबाबा गावात आले की दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांच्या मनाची झाडलोट करीत. खराटा त्यांनी स्वतः उचलला, तेव्हा तो कोणत्याही एका जातीचा राहिला नाही. २०००-०१ पासून राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याला लोकचळवळीचे रूप देण्याचा प्रयत्न केला. त्या काळी कित्येक गावे खरोखर झपाटल्यासारखी कामाला लागली होती. शाळेच्या मुलांनी प्रभातफेऱ्या काढल्या, स्त्रियांनी अंगणे सारवली, वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे गट एकाच नालीत उतरून गाळ काढू लागले. सरकारी अनुदानापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे श्रम गावांनी स्वतः दिले. त्या पाठोपाठ २००३ मध्ये केंद्राने निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला आणि त्यातही महाराष्ट्र आघाडीवर राहिला.

पुढे काय झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तपासणी समिती येऊन गेली, पुरस्काराची कमान उभी राहिली आणि अनेक गावांत त्या कमानीखालीच पुन्हा कचरा साचू लागला. लोकांची इच्छा संपली होती असे नव्हे. स्पर्धा संपल्यावर रोजचे काम कोणी, कोणत्या पैशातून आणि कोणाला जबाबदार राहून करायचे, हे ठरलेलेच नव्हते. उत्सव बारा महिने करता येत नाही. व्यवस्था मात्र बारा महिने लागते. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. शौचालयांच्या बाबतीत त्याने घडविलेला बदल मोठा आहे. पण झाडू हातात घेऊन छायाचित्र काढण्याची हौसही त्याच काळात वाढली. ज्या जागी छायाचित्र काढले ती जागा दुसऱ्या दिवशी कशी दिसते, हे पाहायला फारसे कोणी थांबले नाही.

कायदा आणि निधी यांची स्थिती गावकऱ्यांना ठाऊक असायला हवी. २००० मध्ये देशात घनकचऱ्याचे जे नियम झाले ते नगरपालिकांपुरते होते. खेडे त्यांच्या कक्षेतच नव्हते. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी प्रथमच ग्रामीण भागाला कक्षेत घेतले आणि ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकली. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये, तसेच तालुक्यासाठी एका प्लास्टिक प्रक्रिया केंद्राला १६ लाख रुपयांपर्यंत अशी तरतूद झाली. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी राखून दिला.

हे आकडे मोठे वाटतात, पण जरा हिशेब मांडला तर त्यांचा आवाका कळतो. माणशी ६० रुपये म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबामागे ३०० रुपये आणि तेही एकदाच. त्यात खड्डे, टाक्या, एखादी तीनचाकी, वर्गीकरणाची शेड एवढे उभे राहते. रोज गाडी चालवायची, सफाई कामगाराला महिन्याचे वेतन द्यायचे, त्याच्या हातमोज्यांची आणि औषधपाण्याची सोय करायची, तर तो खर्च वर्षानुवर्षे चालणारा असतो. तो गावाने उचलला नाही तर शेडमध्ये शेळ्या बसतात आणि घंटागाडी बॅटरी उतरल्याचे निमित्त होऊन ग्रामपंचायतीच्या मागे उभी राहते. याउलट हजार घरांच्या गावाने घरटी दिवसाला एक रुपया देण्याचे ठरविले, तर महिन्याला ३० हजार रुपये जमतात. रोज एक रुपया देणे बहुतेक घरांना शक्य असते. तो खर्च कशावर झाला, हे कोणी सांगत नाही, म्हणून तो द्यावासा वाटत नाही.

गावाने आपला विचार केला नाही, तर दुसरे कोणी तो करून टाकते, हे नारेगावने दाखवून दिले. आजच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ शहरालगतच्या या गावाच्या शिवारात टाकला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या आणि लाखो वस्तीच्या शहरात रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग लागले. दुसरी जागा शोधायला गेलेल्या यंत्रणेला प्रत्येक गावाने अडविले. मिटमिटा येथे तर मार्च महिन्यात ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनीही असाच दीर्घ लढा दिला. शहराने ज्याला 'बाहेर' मानले होते, ते कोणाचे तरी घर होते. शहरांनी हा धडा घ्यायला हवाच, पण गावांनीही तो घ्यावा. वस्तीच्या टोकाला ज्याचे घर आहे त्याच्या दाराशी गावाचा कचरा जाऊन पडत असेल, तर प्रत्येक गावात एक लहान नारेगाव दडलेले असते. आणि वस्तीच्या टोकाला कोणाची घरे असतात, हे सांगण्याची गरज नाही.

यश मिळालेली ठिकाणेही याच महाराष्ट्रात आहेत. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेत २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घराघरांत कचरा वेगळा करण्यास सुरुवात झाली. ओल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस, सुक्या कचऱ्याची प्रकारवार विभागणी, प्लास्टिकचा भुगा करून रस्त्याच्या डांबरात त्याचा वापर, असे काम तेथे उभे राहिले. ज्या कचरा डेपोजवळून नाक दाबून जावे लागे, ती जागा लोक पाहायला येऊ लागले. पाटोदा या संभाजीनगरजवळच्या गावाने भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत वेळेवर कर भरणाऱ्या कुटुंबाला मोफत दळण देऊन एक साधे सूत्र रुजविले: गाव तुमच्याकडून घेते, तर गाव तुम्हाला देतेही. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वाकून भंगार वेचणारी स्त्री ओळखपत्र लावून दारावर येऊ लागली आणि घरातील माणसे तिला 'ताई' म्हणू लागली. विचारसरणी कोणाचीही असो, समाजातील शेवटच्या माणसाला मान मिळवून देणारे असे काम स्वागतार्हच मानले पाहिजे.

या सर्व ठिकाणी एक सावधगिरीही घ्यावी लागते. एखादा धडाडीचा अधिकारी किंवा सरपंच असतो तोवर काम चालते आणि त्याची बदली झाली किंवा मुदत संपली की मंदावते, असा महाराष्ट्राचा अनुभव आहे. व्यक्तीच्या उत्साहाचे रूपांतर गावाच्या सवयीत झाले नाही, तर पाहुण्याने दिलेल्या रोपासारखी त्याची गत होते. आणखी एक धोका आहे. लोकसहभागाचे नाव पुढे करून शासनाने अंग काढून घ्यावे आणि कंपन्यांनी मोकळे व्हावे, असे होता कामा नये. पाच रुपयांचे पाकीट खेड्यापाड्यांत पोहोचविणारी यंत्रणा त्याचे रिकामे वेष्टन परत नेण्याच्या वेळी मात्र कोठेच दिसत नाही. उत्पादकांवर अशा वेष्टनाची जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली आहेत. त्यांचा लाभ शहरांतल्या भंगाराच्या गोदामापर्यंतच थांबू नये, तर तालुक्याच्या केंद्रापर्यंत आला पाहिजे. किरिबातीसारखा इवलासा देश डब्यावर अनामत ठेवू शकतो, तर महाराष्ट्रासारख्या संपन्न राज्याला बाटलीमागे तसे करणे अशक्य नाही. गावाने आपले कर्तव्य करावे आणि त्याच बळावर शासनाकडे व उत्पादकांकडे आपला हक्कही मागावा.

मग जळकोटसारख्या गावाने आरंभ कोठून करावा? आरंभ ग्रामसभेतूनच व्हायला हवा. ओला कचरा शक्यतो घरीच किंवा गल्लीच्या नाडेप टाकीत जिरवायचा, सुका कचरा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी द्यायचा, डायपर व औषधे यांसारखा कचरा वेगळ्या कागदात बांधून द्यायचा आणि फवारणीच्या बाटल्या घरच्या कचऱ्यात मिसळू द्यायच्या नाहीत, एवढे नियम पुरेसे आहेत. नियम थोडे असावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत. सरपंचाच्या भावकीला वेगळे आणि वस्तीला वेगळे असे नसावेत. महामार्गावरील हॉटेले आणि ढाबे यांनी आपल्या कचऱ्याचा भार आपण उचलावा, कारण गावाच्या वाट्याला येणाऱ्या कचऱ्याचा मोठा भाग तेथून येतो. संकलनाचे आणि विक्रीचे काम महिला बचत गटांकडे द्यावे आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीतील वाटा प्रत्यक्ष काम करणाऱ्याला मिळावा. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला चोर समजण्याऐवजी या साखळीचा भाग मानावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जमा किती झाले, खर्च किती झाला, कोणते घर देत नाही, हे दर ग्रामसभेत वाचून दाखवावे. हिशेब उघडा असेल तर एक रुपया मागताना कोणाची मान खाली जात नाही.

येथे कार्यकर्त्यांचे आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांचेही काम आहे. ज्याचे घर गावात आहे पण नोकरी सोलापूर-पुण्यात, असा प्रत्येक जण सणाला गावी येताना पिशव्या भरून सामान आणतो. त्यातील रिकामी वेष्टने कोठे जातात, हे त्याने एकदा पाहावे. सप्ताह, लग्न, जयंती, गणेशोत्सव यांच्या पंगतीत थर्माकोल येऊ द्यायचे नाही, एवढा आग्रह एका मंडळाने धरला तरी गावात त्याची चर्चा होते. नवरात्रात पायी येणाऱ्या भाविकांसाठी चहा-फराळाची सेवा करणे पुण्याचे आहेच. त्या सेवेनंतर रस्ता झाडून निघणे हाही त्या सेवेचाच भाग मानला, तर आई भवानीच्या वाटेवर पेल्यांचा खच पडणार नाही.

'आपले लोक ऐकत नाहीत', हा यावरचा नेहमीचा आक्षेप. धाराशिव जिल्ह्याने त्याला फार पूर्वी उत्तर दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंपाने हाहाकार माजविला. जवळच्या उमरगा-लोहारा पट्ट्यातील कित्येक गावे दगडमातीचा ढीग झाली. पुनर्वसनाच्या कामात पुढे एक महत्त्वाचे पाऊल उचलले गेले. पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि बळकटी घरमालकांनी स्वतः करून घ्यायची ठरली आणि त्यासाठी गावोगाव महिला 'संवाद सहायक' पुढे आल्या. तोवर उंबरठ्याच्या आत असलेल्या स्त्रियांनी सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवला, गवंड्याला प्रश्न विचारले आणि अधिकाऱ्यांसमोर गावाची बाजू मांडली. ढिगाऱ्यातून घर उभे करणाऱ्या या लोकांना कचऱ्याचा ढीग आवरता येणार नाही, असे मानणे त्यांचा अवमान करणारे ठरेल.

जळकोटच्या शेजारीच आणखी एक वहिवाट आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. देव वर्षातील सुमारे दहा महिने अणदूरला आणि सुमारे दोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामी असतो. देव एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. तो करार पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्यासाठी कोणतीही तपासणी समिती येत नाही आणि पुरस्कारही जाहीर होत नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही, कारण तो चारचौघांसमोर आणि देवासमोर दिला आहे, एवढाच त्याचा आधार असतो. ज्या मातीत असा करार टिकतो, त्या मातीतील गावाने आपल्या ओढ्याविषयी, गायरानाविषयी आणि गाईविषयी असाच एक लेखी करार आपल्याशी करावा. पुढच्या ग्रामसभेत तो ठराव लिहिला जावा, त्याखाली वाड्यावरच्या आणि वस्तीवरच्या माणसांच्या सह्या एकाच कागदावर असाव्यात आणि दर वर्षी त्याचे वाचन व्हावे. सरकारचे अनुदान त्यानंतर आले तर त्याचा उपयोग होईल. आणि उशिरा आले तरी गाव थांबलेले नसेल.